एख-उश्के (स्कॉटिश जलाश्व)

स्कॉटलंडमधील हायलँड्स हा डोंगराळ प्रदेश आणि पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटे येथील गेलिक भाषिकांच्या लोकसमजुतींत ‘एख-उश्के’, म्हणजे पाण्यातील घोडा, हा रूप पालटणारा नरभक्षक प्राणी मानला जातो. समुद्र, जमिनीत शिरलेल्या खाड्या आणि डोंगरांमधील गोड्या पाण्याची सरोवरे ही त्याची वस्तीची ठिकाणे होत; खाड्या व सरोवरे या दोहोंनाही तेथे ‘लॉख’ म्हणतात. स्कॉटिश लोककथांतील ‘केल्पी’ हा दुसरा जलाश्व पुष्कळदा याच्याशी एकरूप मानला जातो. परंतु केल्पीचा वावर मुख्यतः नद्या, ओढे व नदी ओलांडण्याच्या उथळ जागा (उतार) यांसारख्या वाहत्या पाण्यात असतो आणि तो एख-उश्केइतका क्रूरही नसतो. लोककथांचे अभ्यासक एख-उश्के हा सर्व जलाश्वांत सर्वाधिक घातक मानतात, आणि उपलब्ध कथा पाहता हे मत योग्य वाटते.

तो बहुधा तुकतुकीत अंगाच्या, देखण्या आणि माणसाळलेल्या घोड्याच्या रूपात काठावर चरताना दिसतो. पाण्यापासून दूर असेपर्यंत त्याच्यावर स्वार होण्यात धोका नसतो. उलट, पकडून लगाम घातल्यास त्याच्यासारखा कामाचा घोडा नाही, असेही सांगितले जाते. मात्र पाणी दृष्टीस पडताच, किंवा त्याचा नुसता वास येताच, त्याची कातडी चिकट होते, स्वाराला हात सोडवता येत नाही की खाली उडी घेता येत नाही, आणि घोडा त्याला घेऊन थेट लॉखच्या तळाशी जातो. तेथे तो त्याला फाडून खातो. फक्त यकृत तेवढे तो खात नाही. ते पाण्यावर तरंगत काठाला लागते आणि घडलेला प्रकार त्यावरूनच घरच्यांना कळतो. त्याच्या भयाचे मूळ अक्राळविक्राळ रूपात नसून या सोज्वळ, उपयोगी रूपात आहे, ही गोष्ट लक्षात घेतल्याशिवाय या कथांचे मर्म कळत नाही.

पर्थशरमधील ॲबरफेल्डी गावाजवळची कथा याचे उत्तम उदाहरण आहे. रविवारी दुपारी सात मुली आणि एक मुलगा लॉखकाठी फिरत असताना त्यांना एक लहानसे तट्टू दिसते. एकामागून एक सातही मुली त्यावर बसतात. प्रत्येकीसाठी तट्टाची पाठ लांबत जाते, हे फक्त त्या मुलाच्या ध्यानात येते आणि तो खडकांआड लपतो. तट्टू त्याला हाका मारते, त्याचा पाठलाग करते, पण तो हाती न लागल्याने अखेर मुलींसह पाण्यात शिरते. दुसऱ्या दिवशी सात यकृते काठाला लागतात. प्रेस्बिटेरियन या ख्रिस्ती पंथाच्या प्रभावाखालील या प्रदेशात रविवार प्रार्थनेचा दिवस म्हणून कडकपणे पाळला जात असे, हे ध्यानात घेतले तर कथेतील वाराचा उल्लेख सहज आलेला वाटत नाही.

एख-उश्के देखण्या तरुणाचे रूपही घेतो. अशा तरुणाने मांडीवर डोके ठेवले असता त्याच्या केसांत वाळू किंवा पाणवनस्पती आढळल्याने गुराखी मुलीने त्याला ओळखले आणि तो झोपल्यावर त्याच्या डोक्याखालचे आपले वस्त्र कापून ती निसटली, अशा आशयाच्या कथा अनेक ठिकाणी मिळतात.

त्याच्या वधाची सर्वांत प्रसिद्ध कथा स्काय बेटाशेजारील रासे बेटावरची आहे. जेम्स बॉझवेल हा लेखक 1773 मध्ये सॅम्युअल जॉन्सनबरोबर हेब्रिडीजच्या प्रवासात असताना ती त्याच्या कानी आली. रासेवरील डुन कान या टेकडीकडे जाताना लागणाऱ्या एका सरोवरातील प्राण्याने एका माणसाची मुलगी खाल्ली, तेव्हा त्या पित्याने मोठा जाळ करून त्यावर डुकरीण भाजली, तिच्या वासाने प्राणी वर आला आणि आडोशाला दबा धरून बसलेल्या पित्याने तापून लाल झालेल्या सळईने त्याला मारले. वाटाड्याने बॉझवेलला लपण्याची ती जागा आणि दगडांच्या रांगाही दाखवल्या. ही हकीकत सांगताना तो हसला नाही, अशी नोंद बॉझवेलने आवर्जून केली आहे. याच कथेच्या नंतर संकलित झालेल्या पाठात बाप लोहार आहे, तो मुलाच्या मदतीने सरोवराकाठी भट्टी उभारतो, डुकरिणीऐवजी मेंढी भाजतो आणि तापलेले लोखंडी आकडे प्राण्याच्या अंगात खुपसतो. सकाळी तेथे चिकट, बुळबुळीत गोळ्याखेरीज काहीच उरत नाही. कथेचा गाभा तसाच राहून तपशील कसे बदलतात, हे या दोन पाठांच्या तुलनेतून स्पष्ट दिसते. लोखंडापुढे अमानवी शक्ती टिकत नाहीत ही युरोपभर आढळणारी समजूत लोहाराच्या पाठात अधिक ठळक झाली आहे.

एकोणिसाव्या शतकात जॉन फ्रान्सिस कॅम्बेल यांनी पश्चिम हायलँड्समधील कथांचे चार खंड (1860–62) प्रसिद्ध केले, आणि टायरी बेटावरील धर्मोपदेशक जॉन ग्रेगर्सन कॅम्बेल यांनीही अशा समजुतींची टिपणे केली. गेलिक मौखिक परंपरेतील जलाश्वांच्या कथा टिकण्यात अशा संकलकांचा मोठा वाटा आहे.

हायलँड्समधील लॉख थंड असून त्यांपैकी कित्येक काठापासूनच एकदम खोल होतात; लॉख मोरारची कमाल खोली तर सुमारे 310 मीटर आहे. मुलांना अशा पाण्यापासून, आणि तरुण मुलींना अनोळखी पुरुषांपासून, दूर ठेवण्यासाठी या कथा सांगितल्या जात, असे त्यांचे एक स्पष्टीकरण दिले जाते. मुलांच्या कथांना ते लागू पडते. मात्र लोहाराच्या कथेतील सूड आणि शोक त्यात सामावत नाहीत.

आयर्लंड व आइल ऑफ मॅन येथेही याच्याशी नाते सांगणारे जलाश्व आहेत. गेलिक परंपरेतील ‘टारव-उश्के’ हा पाण्यातील बैल मात्र सामान्यतः निरुपद्रवी मानला जातो.