मॉर्मन म्हणजे चार बायका? नाही हो

मॉर्मन, म्हणजे अमेरिकेत सुरू झालेल्या एका ख्रिस्ती पंथाच्या, मुला-मुलीच्या पहिल्या प्रेमाची कादंबरी म्हटली की आपल्याकडे कोणीतरी हमखास विचारतंच, "मग शेवटी तो दुसरी बायको करतो का?" अहो, मॉर्मनांच्या मुख्य चर्चने बहुपत्नीत्व बंद करायची घोषणा 1890 मध्येच केली, 1904 नंतर नियम अजून कडक झाला आणि आज कोणी तसं केलं तर सरळ चर्चबाहेर काढतात. अजूनही करतात ते वेगळे फुटीर गट, टीव्हीवर तेच दिसतात म्हणून हा सगळा घोळ.

खरा ब्रेकअपचा मसाला वेगळाच आहे. मुलगा 18 चा झाला की त्याने दोन वर्षं मिशनवर, म्हणजे धर्मप्रचाराला, जावं अशी अपेक्षा असते, त्या काळात डेटिंग पूर्ण बंद, आणि 2019 पर्यंत तर घरी फोनसुद्धा वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला! मागे राहिलेली मुलगी थांबेल का, यावरच अर्धी कथा उभी राहते. आणि प्रेम धर्माबाहेरच्या मुलाशी जमलं तर टेम्पलमधलं, म्हणजे त्यांच्या पवित्र मंदिरातलं लग्न, जे मरणानंतरही टिकतं असं ते मानतात, ते होतच नाही. मुलगा धर्मात आला तरी त्याचे धर्माबाहेरचे आईबाप टेम्पलमधल्या लग्नाच्या वेळी बाहेरच बसणार, कारण आत फक्त परवानगीचं कार्ड असलेल्या सभासदांनाच सोडतात.