'आय नो व्हेअर इज रंकाळा' यात नेमकं चुकतं काय?

सुट्टीच्या दिवसात महाद्वार रोडला बाहेरगावची माणसं इंग्लिशमधनं पत्ता विचारत फिरत असतात आणि पत्ता सांगायला कोल्हापूरकर मागं सरलाय असं कधी झालं नाही. "यस यस, आय नो व्हेअर इज रंकाळा, कम कम" म्हणून गाडीवर बसवून सोडूनसुद्धा येतील. समोरच्याला कळलं, विषय संपला. पण क्लासात हेच वाक्य लिहिलं की लाल रेघ, कारण बरोबर वाक्य "आय नो व्हेअर रंकाळा इज" असं आहे. का, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही, पाठ करा म्हणतात.

आधी मराठी बघू. "रंकाळा कुठं आहे?" हा प्रश्न झाला. "रंकाळा कुठं आहे ते मला माहितेय" यात कोण काय विचारतच नाही, तरी 'रंकाळा कुठं आहे' हा तुकडा जसाच्या तसा, 'कुठं' जागचा हललेला नाही, नुसता 'ते' चिकटला. यात आपण काही जगावेगळे नाही बरं का. मॅथ्यू ड्रायर या भाषाशास्त्रज्ञानं सुमारे 900 भाषांचा नकाशा केलाय, त्यात प्रश्नाचा शब्द वाक्याच्या तोंडाला आणावाच लागतो अशा भाषा तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी भरतात. बाकीच्यांत तशी सक्ती नाही.

इंग्लिश त्या कमी भरणाऱ्यांतली. तिथं प्रश्न करायला दोन कामं करावी लागतात, एक म्हणजे 'व्हेअर' पुढं आणायचा आणि दुसरं म्हणजे 'इज', 'कॅन', 'विल' असलं जे सहायक क्रियापद असेल ते कर्त्याच्या आधी उडी मारून जाणार, आणि असलं कुणी नसेल तर 'डू' किंवा 'डझ' भाड्यानं आणायचा. आता तोच प्रश्न 'नो', 'आस्क', 'रिमेंबर', 'फरगेट', 'टेल' अशा क्रियापदाच्या पोटात गेला की पहिलं काम तसंच करावं लागतं आणि दुसरं रद्द होतं. म्हणून "व्हेअर डझ ही लिव्ह?" पण "आय नो व्हेअर ही लिव्ज". जोसेफ एमंड्स या भाषाशास्त्रज्ञानं 1970 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या प्रबंधात हेच मांडलं, की असली उलटापालट मुख्य वाक्यातच होते, पोटवाक्य सरळच राहतं. जर्मनमध्ये तर मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या नंबरला आणि पोटवाक्यात पार शेवटाला. इंग्लिशचं मूळ त्याच घरातलं, तिथला जुना नियम आता मुख्यतः प्रश्नांपुरता उरलाय. शेक्सपिअरच्या काळात 'डू' न लावता "व्हाट से यू?" असं सरळ विचारता यायचं.

आणि आपणच चुकतो असंही नाही. आयर्लंडच्या इंग्लिशमध्ये "आय आस्क्ड हिम वॉज ही कमिंग" हे अगदी रोजचं बोलणं आहे. ज्यांची मातृभाषाच इंग्लिश आहे ती लहान पोरंसुद्धा आधी 'व्हेअर' पुढं आणतात पण उलटापालट विसरतात, क्लिमा आणि बेलुगी या अभ्यासकांनी 1966 मध्येच हे लिहून ठेवलंय. म्हणजे ती पोरं जिथं उलटं करायला पाहिजे तिथं सरळ ठेवतात आणि आपण जिथं सरळ ठेवायला पाहिजे तिथं उलटं करतो. आपण तरी काय करणार, शाळेत 'व्हेअर इज' एकत्रच घोकून घेतात, मग ते सुटं होतंय कुठं!

पण खरा मालक वरचं क्रियापद आहे. "डू यू नो व्हेअर ही हॅज गॉन?" बरोबर, आणि 'नो' काढून 'थिंक' घातला, "डू यू थिंक व्हेअर ही हॅज गॉन?", की वाक्य गेलं. 'थिंक' आणि 'बिलीव्ह' यांच्या पोटात असा प्रश्न मावत नाही, त्यांना 'दॅट'वालं विधान लागतं. 'वंडर'चं उलटं, त्याला प्रश्नच पाहिजे. 'नो' आणि 'टेल' दोन्हीकडं खपतात. मग 'थिंक' असताना विचारायचं कसं, तर 'व्हेअर'ला पार बाहेर काढून, "व्हेअर डू यू थिंक ही हॅज गॉन?"

आता मराठीत करून बघा. "तो कुठं गेलाय माहितेय का?" याला हो किंवा नाही म्हणून भागतं. "तुला काय वाटतं, तो कुठं गेलाय?" याला गावाचं नाव सांगायला लागतं. 'का' आणि 'काय', एवढ्यावर आपलं काम होतं, आणि तो दुसऱ्या वाक्यातला 'काय' स्वतः काहीच विचारत नाही, पुढं खरा प्रश्न येतोय एवढंच सांगतो. जर्मन लोकही असंच बोलतात, "वास ग्लाउब्स्ट डू, वो एर इस्ट?", म्हणजे 'तुला काय वाटतं, तो कुठं आहे?' सगळ्यात भारी म्हणजे रोझलिंड थॉर्नटन यांनी 1990 च्या प्रबंधात दाखवलं की इंग्लिश घरातली तीन-चार वर्षांची काही पोरं "व्हाट डू यू थिंक व्हाट इज इन द बॉक्स?" असं विचारतात. घरात कुणी तसं बोलत नाही, तरी!

'नो'ला प्रश्न चालतो आणि 'थिंक'ला नाही, हे कशामुळं? चार्ल्स हॅम्ब्लिन या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञानं 1958 मध्ये कल्पना मांडली की प्रश्नाचा अर्थ म्हणजे त्याच्या शक्य उत्तरांचा संच. 1977 मध्ये लाउरी कार्टुनेन या भाषाशास्त्रज्ञानं त्यातली फक्त खरी उत्तरं धरली. तुमचा मित्र शाहूपुरी सोडून राजारामपुरीत गेलाय आणि तुमच्या डोक्यात अजून शाहूपुरीच आहे, तर "आय थिंक दॅट ही लिव्ज इन शाहूपुरी" चालेल पण "आय नो व्हेअर ही लिव्ज" म्हणता येणार नाही. "ही टोल्ड मी दॅट ही लिव्ज इन शाहूपुरी" यात तो थाप मारत असू शकतो, "ही टोल्ड मी व्हेअर ही लिव्ज" म्हटलं की खरं सांगितलं असंच ऐकणारा धरून चालतो. 'थिंक'ला खऱ्याखोट्याशी देणंघेणं नाही, म्हणून त्याच्यात प्रश्न बसत नाही, असं काही जण म्हणतात, पण यावर वाद अजून चालू आहे.

'व्हेन'ची भानगड वेगळी, आणि तिथं मराठी कामाला येते. "आय डोन्ट नो व्हेन ही विल कम" यात 'विल' पाहिजे, "कॉल मी व्हेन ही कम्स" यात 'विल' नको. पहिल्यात 'कधी' आहे, दुसऱ्यात 'जेव्हा'. पुढं घडायच्या गोष्टीबद्दल बोलताना 'कधी' बसत असेल तर 'विल' घाला, 'जेव्हा' बसत असेल तर काढा, बस्स. कुठं-जिथं, कसा-जसा यांचीही अशीच जोडी लागते.

'व्हाय'च्या अर्थाच्या 'का'ला मात्र जोडीच नाही, 'ज'वाला भाऊ शोधून दाखवा. इंग्लिशमध्येही "आय लेफ्ट व्हेन ही लेफ्ट" होतं, "आय लेफ्ट व्हाय ही लेफ्ट" होत नाही. 'नो' नंतर 'हाऊ टू', 'व्हेअर टू', 'व्हेन टू' आरामात येतात, 'व्हाय टू' अडखळतं. इटालियनमध्ये बाकीचे प्रश्नशब्द क्रियापदाला आपल्याजवळ ओढतात, पण 'पेर्के' म्हणजे 'का' असला की मधे कर्ता चालतो, लुइजी रित्सी या भाषाशास्त्रज्ञांनी 2001 मध्ये यावरनं असं मांडलं की वाक्याच्या रचनेत 'का'ची जागाच बाकीच्यांपेक्षा वरची आहे. इंग्लिश पोरांची उलटापालट 'व्हाय'बरोबरच जास्त दिवस चुकत राहते, त्याचं कारणही काही जण इथंच शोधतात. तुम्हालाही ती उलटापालट जमत नसेल तर मित्राला 'हाऊ कम' लावून विचारा, "हाऊ कम यू आर लेट?" हे शंभर टक्के बरोबर इंग्लिश आहे आणि ऑर्डर एकदम सरळ, फक्त ऑफिसच्या मेलमध्ये लिहू नका.