शनिवारी न खेळणारा मुलगा

1999 च्या सुरुवातीला बाल्टिमोरमधल्या एका 17 वर्षांच्या मुलाला मेरीलँड विद्यापीठाने बास्केटबॉलची शिष्यवृत्ती देऊ केली आणि त्याने होकार दिला. त्याचं नाव तामीर गुडमन. डोक्यावर किप्पा, म्हणजे ज्यू पुरुषांची छोटी गोल टोपी, घालून तो खेळायचा आणि अकरावीत सामन्यामागे सरासरी 35 गुण काढायचा. त्याच वर्षी ‘स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड’ने त्याला ‘ज्यू जॉर्डन’, म्हणजे ज्यूंचा मायकेल जॉर्डन (बास्केटबॉलचा महान खेळाडू), म्हटलं आणि तो अमेरिकाभर माहीत झाला.

गुडमनचं घर सनातनी ज्यू. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा पवित्र दिवस, लागतो आणि शनिवारी आकाशात तारे दिसल्यावर सुटतो. तेवढ्या वेळात गाडी चालवायची नाही, दिवा लावायचा नाही, कामधंदा नाही. बाल्टिमोरला डिसेंबरात पाचच्या आतच सूर्य मावळतो, म्हणजे शुक्रवारची संध्याकाळही गेली. कोकणी माणसाला हे नवं वाटायला नको. रायगडच्या गावांत तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना ‘शनवार तेली’ म्हणे. घाणा त्यांच्या मालकीचा होता. गुडमनच्या खेळाचं वेळापत्रक मात्र इतरांच्या हातात होतं.

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा शनिवार हा मोठा दिवस. प्रेक्षकांना सुट्टी असते, टीव्हीलाही सामने हवे असतात. मेरीलँड ज्या विद्यापीठांच्या गटात खेळे, त्याच्या वार्षिक स्पर्धेचे उपांत्य सामनेच शनिवारी दुपारी होत. रविवारची अडचण आलेल्यांसाठी सवलत होती: मॉर्मन पंथाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाला रविवारी खेळावं लागू नये, अशी राष्ट्रीय स्पर्धेची आखणी केली जाते. पण तिथे अख्खं विद्यापीठ एका बाजूला उभं असतं. इथे एकटा मुलगा होता. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

मेरीलँडशी बोलणी चालू राहिली, पण शनिवारचा प्रश्न सुटला नाही. सप्टेंबर 1999 मध्ये गुडमनने आपला होकार मागे घेतला. शेवटच्या वर्षी त्याने शाळाही बदलली. बाल्टिमोरची ज्यू धार्मिक शाळा सोडून तो टाकोमा अकॅडमीत गेला. ती सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट ख्रिश्चनांची शाळा, आणि त्यांचाही शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तापासूनच. शनिवारी का येणार नाहीस, हे विचारणारं तिथे कुणी नव्हतं.

पुढे टाऊसन विद्यापीठाने त्याची अट मान्य करून त्याला घेतलं. पहिलं वर्ष तो तिथे खेळला. मग प्रशिक्षक बदलले, जमेना, आणि दुसऱ्या हंगामात त्याने टाऊसन सोडलं. 2002 मध्ये तो इस्राएलला, मकाबी तेल अवीवकडे व्यावसायिक खेळाडू म्हणून गेला. मेरीलँडने त्याच वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

हा प्रश्न पुन्हा उभा राहिला 2012 मध्ये, ह्यूस्टनच्या बेरेन अकॅडमी या ज्यू शाळेपुढे. राज्य स्पर्धेचा उपांत्य सामना शुक्रवारी रात्री ठरला होता आणि स्पर्धा भरवणारी संघटना तो हलवायला तयार नव्हती. काही पालक आणि खेळाडू कोर्टात गेले, तेव्हा सामना शुक्रवारी दुपारी घेतला. मुलं जिंकली. अंतिम सामना शनिवारी रात्री, शब्बाथ सुटल्यावर झाला; त्यात ती थोडक्यात हरली.