मृगजळ खोटं बोलत नाही

मे महिन्यातली दुपार. धुळ्याहून मोटारसायकलवर अमळनेरला निघालो होतो, मागे अकरावीतली भाची. पुढे डांबरावर पाणी लखलखलं. "मामा, तठे पानी दखाई ऱ्हायनं ना!" जवळ गेलो तर कोरडं ठाक. थोड्या वेळाने मागून प्रश्न आला, "डोळे इतकं धडधडीत खोटं सांगतात, तर बाकीचं जग तरी खरं कशावरून?"

प्रश्न फार जुना आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने 1641 साली तो टोकाला नेला. आम्ही निघालो होतो त्या अमळनेरलाही तो नवा नाही. प्रताप शेठजींनी 1916 मध्ये तिथे तत्त्वज्ञानाची संस्था उभारली, आणि तिच्यातल्या मलकानी, रासविहारी दास व टी. आर. व्ही. मूर्ती यांनी 1933 साली 'अज्ञान' या एकाच कल्पनेवर अख्खा ग्रंथ लिहिला. खानदेशच्या मातीत हे घडलं याचा मला फार अभिमान वाटतो.

पण आधी ते पाणी. लिंबाखाली गाडी लावली आणि भाचीला मोबाइलवर फोटो काढायला सांगितलं. फोटोतही पाणी आलं! कॅमेऱ्याला ना मेंदू, ना तहान. म्हणजे तिथून प्रकाश खरोखरच येत होता.

हवा 42 अंश आणि डांबराला चिकटलेला थर 65 अंश आहे असं समजू. तापलेली हवा विरळ, आणि विरळ हवेत प्रकाश किंचित जास्त वेगाने जातो. निर्वातापेक्षा प्रकाश किती पट मंदावतो हे सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक; दोन्ही थरांच्या अपवर्तनांकांतला फरक साधारण 0.000017. इतक्याशा फरकाने डोक्यावरून येणारा किरण वाकत नाही. पण आभाळाकडून रस्त्याला जवळजवळ घासत, एक तृतीयांश अंशापेक्षाही कमी कोनात येणारा किरण या थरात वळत जातो आणि डांबराला न टेकता पुन्हा वर उचलला जातो. तोच आपल्या डोळ्यांत शिरतो. मेंदू किरण सरळ आला असं धरतो, म्हणून आभाळाचा तुकडा रस्त्यावर पडलेला दिसतो.

आता ते पाणी पुढे पुढे का पळतं? अपवर्तनांकांतल्या त्या फरकाच्या दुपटीचं वर्गमूळ काढलं की कोनाची मर्यादा मिळते, सुमारे 0.0058 रेडियन, म्हणजे तोच एक तृतीयांश अंश. डोळे रस्त्यापासून दीड मीटर उंच असतील, तर 1.5 भागिले 0.0058, म्हणजे साधारण 260 मीटर. त्याच्या अलीकडे कोन मोठा होतो आणि किरण वळून डोळ्यांपर्यंत पोचत नाही. आपण सरकलो की ती हद्दही सरकते.

तेव्हा डोळ्यांनी चोख काम केलं, चुकला तो आपला तर्क. आणि ती चूक उघडी पडली कशाने? कोरड्या डांबरावरून गेलेल्या चाकांनी, म्हणजे दुसऱ्या अनुभवाने. वेदान्तात याला बाध म्हणतात: नंतरचं ज्ञान आधीच्या ज्ञानाला रद्द करतं.

देकार्तची शंका मात्र याहून खोल आहे. चाकं, फोटो, माझा हिशोब, सगळंच एखाद्या बलाढ्य ठकसेनाने रचलेलं असेल तर? प्रयोगाने हे खोडता येत नाही, कारण प्रयोगही त्याच रचनेत येणार. इंग्रज तत्त्वज्ञ जी. ई. मूर यांनी 1939 मध्ये आपले दोन हात दाखवून बाह्य जग आहे असं सिद्ध केल्याचं सांगितलं, पण शंकेखोराला तेवढं पुरत नाही. मला ही शंका प्रामाणिक वाटते. संताप येतो तो 'क्वांटम विज्ञानाने जग माया असल्याचं सिद्ध केलं' अशा फॉरवर्डचा. तिथे निरीक्षण म्हणजे कणाची उपकरणाशी होणारी आंतरक्रिया. त्यासाठी कुणी पाहायला बसावं लागत नाही, आणि त्या नावाखाली ताईत विकणं ही सरळ फसवणूक आहे.

निघण्याआधी भाचीला रस्त्याकडेला उकिडवं बसायला लावलं. डोळे निम्म्या उंचीवर आले.

"मामा, पाणी जवळ आलं!"

उभी राहिली, तसं ते पुन्हा लांब गेलं. हिशोब कळल्यावरही ते दिसतच होतं.