द रूकी

द रूकी : अमेरिकन बेसबॉलपट (२००२). निर्मिती वॉल्ट डिझ्नी पिक्चर्स. दिग्दर्शक जॉन ली हँकॉक. पटकथा माइक रिच. संगीत कार्टर बरवेल. पश्चिम टेक्ससमधील बिग लेक या गावच्या शाळेत विज्ञान शिकवणारे आणि तिथल्याच मुलांच्या बेसबॉल संघाला तयार करणारे जिम मॉरिस (१९ जानेवारी १९६४– ) पस्तिशी ओलांडल्यावर मेजर लीगमध्ये (अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल) पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) म्हणून उतरले, त्या घटनेवर तो बेतलेला आहे. प्रमुख भूमिका : डेनिस क्वेड (मॉरिस), रेचल ग्रिफिथ्स (पत्नी लॉरी), ब्रायन कॉक्स (वडील).

‘रूकी’ म्हणजे नवशिका. शब्दाची व्युत्पत्ती निश्चित नाही. ‘रिक्रूट’ या शब्दाचे सैनिकांच्या तोंडी झालेले हे रूप असावे, असे बहुतेक कोशकार मानतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश लष्करी बोलीत, तसेच किपलिंगच्या शिपाईगीतांत तो आढळतो. ‘रूक’ या पक्षिनामाचा त्यावर परिणाम झाला असेल. पण मूळ तेच, हे पटण्याजोगे नाही. बेसबॉलमध्ये या शब्दाला तांत्रिक अर्थही आहे. मेजर लीगमध्ये ५० डाव गोलंदाजी झाली, की पिचर रूकी राहत नाही (फलंदाजासाठी मर्यादा १३० ‘ॲट-बॅट’, म्हणजे फलंदाजीच्या पाळ्या). मॉरिस यांच्या नावावर एकूण १५च डाव आहेत. म्हणजे डावांच्या हिशेबाने ते अखेरपर्यंत रूकीच राहिले.

डावखुऱ्या मॉरिस यांना मिलवॉकी ब्रूअर्स या मेजर लीग संघाने १९८३ मध्ये निवडले होते. हाताच्या दुखापती आणि शस्त्रक्रिया यांत मायनर लीगमधली (मेजर लीगखालच्या स्तरावरची) वर्षे गेली आणि खेळ सुटला. १९९९ च्या हंगामात त्यांनी शाळेच्या संघाशी पैज लावली : मुलांनी जिल्हा विजेतेपद मिळवले, तर सरांनी व्यावसायिक संघाच्या चाचणीला जायचे. मुले जिंकली. टँपा बे डेव्हिल रेज या मेजर लीग संघाच्या चाचणीत मॉरिस आपली लहान मुले सोबत घेऊन गेले. ताशी ९८ मैल (सु. १५८ किमी.) वेगाचे बारा चेंडू आपण लागोपाठ टाकले, असे ते सांगतात. शस्त्रक्रिया झालेला हात तारुण्यापेक्षा जास्त वेगाने चेंडू कसा टाकू लागला, याचे समाधानकारक उत्तर चित्रपट देत नाही. रस्त्याकडेच्या वेगदर्शक फलकावर आधी ७६ दिसतात, मग मिणमिणणारा दिवा लागून ९६ होतात. एवढ्या एका प्रसंगावर त्याने हा प्रश्न निभावला आहे, आणि पडद्यावर तो निभतोही.

चित्रपटाचा आरंभ मात्र बेसबॉलने होत नाही, तेलाच्या विहिरीने होतो. पैसे घालून बसलेल्या जोगिणी (नन्स) चिंतेत पडतात, अशक्यप्राय कार्यांची संत मानल्या जाणाऱ्या संत रीता हिचा धावा करतात, गुलाबपाकळ्या उधळल्या जातात आणि तेल लागते. या कथेमागे सांता रीता क्र. १ ही खरी विहीर आहे. बिग लेकजवळ, टेक्सस विद्यापीठाच्या मालकीच्या जमिनीवर जानेवारी १९२१ मध्ये, परवान्याची मुदत संपता संपता, तिचे काम सुरू झाले. २८ मे १९२३ रोजी ३,००० फुटांहून अधिक खोलीवर तेल उसळले. पर्मियन खोऱ्यातील तेलयुगाची खरी सुरुवात तिच्यापासून धरतात आणि विद्यापीठाच्या संपत्तीचा पायाही तिनेच घातला. १९९० मध्ये ती बंद करण्यात आली. नावाविषयीची प्रचलित हकीकत अशी : न्यूयॉर्कच्या काही कॅथलिक स्त्रियांनी समभाग घेतले होते, धास्तावून त्यांनी आपल्या धर्मगुरूचा सल्ला घेतला, त्याने संत रीताचे नाव सुचवले, आणि प्रवर्तक फ्रँक पिक्रेल याने डेरिकच्या (विहिरीवरील मनोऱ्याच्या) माथ्यावर चढून मंतरलेल्या गुलाबाच्या वाळक्या पाकळ्या खाली उधळल्या. ही हकीकत मुख्यतः पिक्रेलच्याच सांगण्यावर उभी आहे. तीत गुंतवणूकदार गृहस्थ स्त्रिया आहेत, जोगिणी नाहीत; तीच ग्राह्य धरणे बरे. गुलाबाचा संबंध कॅसियाच्या रीता हिच्या (सु. १३८१–१४५७) चरित्रकथांतून येतो. तिला १९०० साली संतपद मिळाले, म्हणजे विहिरीच्या काळी तिचे नाव भाविकांत ताजेच होते. तिचा सण २२ मेला येतो आणि तेल सहा दिवसांनी लागले. पण नाव त्याआधीच पडले होते, हे विसरू नये.

१८ सप्टेंबर १९९९ रोजी आर्लिंग्टन येथे टेक्सस रेंजर्सविरुद्ध मॉरिस यांनी पदार्पण केले आणि फलंदाज रॉइस क्लेटनला स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले. पडद्यावर तीन चेंडू पुरतात. नोंदीनुसार चार लागले. चित्रपटात क्लेटनची भूमिका खुद्द त्यानेच केली आहे. मॉरिस यांना सर्वांत वयस्क नवखा म्हणण्याची प्रथा पडली, तिला मर्यादा आहेत. कृष्णवर्णीय पिचर सॅचेल पेज १९४८ मध्ये क्लीव्हलँडच्या संघाकडून मेजर लीगमध्ये उतरला तेव्हा, त्याचे जन्मवर्ष १९०६ मानल्यास, तो ४२ वर्षांचा होता. अर्थात त्याचा उशीर वर्णभेदाने लादलेला होता, ही निराळी बाब.

मॉरिस यांचे जोएल एंगल यांच्यासह लिहिलेले आत्मचरित्र २००१ मध्ये निघाले. निर्मात्यांपैकी मार्क सिआर्डी हे स्वतः ब्रूअर्सचे माजी पिचर. चित्रीकरण टेक्ससमध्येच झाले. बिग लेकच्या जागी थॉर्नडेल हे गाव वापरले. सु. २.२ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने सु. ८ कोटी डॉलर मिळवले. एका दृश्यात पंचाच्या वेशात मॉरिस दिसतात. त्यांची मेजर लीगमधील कारकीर्द २१ सामन्यांची. ती मे २००० मध्ये संपली. चित्रपट तिथवर जात नाही.