वाचनकक्षातली उसंत

परीक्षा तोंडावर आल्या की अनेक विद्यापीठांच्या ग्रंथालयांत रंगवायच्या वह्या, मातीची खेळणी आणि गळ्यात पट्टा घातलेले शांत कुत्रे अवतरतात. फोटो छान येतात, आठवडा संपतो आणि सामान कपाटात जातं. यात वाईट काही नाही. पण विद्यार्थ्याचा ताण खरोखर हलका करणाऱ्या सोयी यापेक्षा बऱ्याच मुकाट असतात. त्या वर्षभर जागेवर असतात, नाव विचारत नाहीत, फॉर्म भरायला लावत नाहीत.

फॉर्मचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण तो नाही. १९८६ मध्ये कॉन्स्टन्स मेलन यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठातल्या सुमारे ६,००० विद्यार्थ्यांच्या लेखनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्रंथालयात संदर्भ शोधण्याचा पहिला अनुभव ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी भीतीच्या किंवा गोंधळल्याच्या भाषेत मांडला होता. इमारत अंगावर येते, काय कुठे आहे ते कळत नाही, सुरुवात कुठून करायची तेही कळत नाही. त्यातच इतरांना हे सगळं जमतं, आपल्यालाच जमत नाही आणि विचारायला गेलो तर आपलं अज्ञान उघडं पडेल, असं वाटत राहतं. असा विद्यार्थी काउंटरवर जाऊन 'मला ताण आलाय, काही आहे का?' असं विचारणार नाही. म्हणून जी सोय काउंटरपासून सुरू होते, ती ज्याला सर्वांत जास्त हवी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

या कसोटीवर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ सोय म्हणजे जिगसॉ पझलचं टेबल. कुणीही यावं, चार तुकडे बसवावेत, निघून जावं. चित्र पुरं करण्याची जबाबदारी कुणा एकावर नसते. दीर्घ एकसुरी कामात लक्ष का ढळतं, यावर अतुनोरी अरिगा आणि अलेहांद्रो येरास यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मधूनच क्षणभर वेगळं काम करून परतणाऱ्यांची कामगिरी टिकून राहिली, सलग काम करणाऱ्यांची घसरत गेली. इथे थोडक्यात उरकणाऱ्या विरामाला महत्त्व आहे. मोबाइल हातात घेतला की तो विराम थोडक्यात उरकत नाही, कारण पुढचं काहीतरी दाखवत राहण्यासाठीच ती यंत्रणा बनवलेली असते. पझलचा तुकडा बसला की तिथून उठता येतं.

हे टेबल फसतं ते मात्र बारीकसारीक गोष्टींत. १,००० तुकड्यांचं पूर्ण चित्र साधारण ५० बाय ७० सेंटिमीटर भरतं; सुटे तुकडे पसरायला निदान तेवढीच जागा आणखी लागते, म्हणून टेबल ९० बाय १२० सेंटिमीटरच्या खाली नको. उंची ९० ते १०० सेंटिमीटर असावी, म्हणजे उभ्याउभ्याच हात लावता येतो. खुर्ची ओढून बसायचं म्हटलं की 'आता नको, वेळ जाईल' हा विचार आडवा येतो. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी एक बुटकं टेबलही हवंच. कडेला बोटभर उंचीची पट्टी नसेल तर तुकडे खाली पडतात आणि झाडूबरोबर जातात. एसीच्या झोताखाली किंवा थेट उन्हात पुठ्ठा वाकडा होतो. चित्र निवडताना अर्धं आकाश निळं असलेलं टाळावं: सुरुवातीचा उत्साह संपल्यावर एकाच रंगाचे तीनशे तुकडे उरतात आणि टेबलाकडे कुणी फिरकत नाही. शांतता कक्षात तर हे टेबल नकोच, कारण तिथे माणसं बोलणार. जिना किंवा पिण्याच्या पाण्याची जागा यांच्या वाटेवर ते चांगलं चालतं.

तुकडे हरवलेत का हे पाहायला डबा तोलायची युक्ती काही जण सुचवतात. बोर्ड गेमच्या बाबतीत ती उत्तम आहे. सगळं सामान मोजून डबा एकदा तोलायचा, वजन झाकणाच्या आत लिहायचं आणि परत आल्यावर एक ग्रॅमपर्यंत अचूक काट्यावर ठेवायचा. लाकडी सोंगटी किंवा फासा दोन-तीन ग्रॅमचा असतो, तो गेला तर लगेच कळतं. जिगसॉत मात्र ही युक्ती दगा देते. एकेक तुकडा जेमतेम अर्धा-पाऊण ग्रॅमचा, आणि पुठ्ठा हवेतला ओलावा शोषून घेतो. दमट दिवसात सबंध डब्याचं वजन हरवलेल्या तुकड्यापेक्षा जास्त फरकाने वाढतं. तिथे पूर्ण झालेल्या चित्रातलं भोक हाच पुरावा. बोर्ड गेम घरी द्यायचे असतील तर प्रत्येक प्रकारच्या सोंगट्या वेगळ्या पाकिटात, सामानाचा फोटो झाकणाच्या आत आणि नियमपुस्तिकेची एक प्रत काउंटरवर, एवढं पुरतं. हरवलेल्या सोंगटीसाठी दंड लावू नये. दंडाच्या धास्तीने खेळ कुणी नेतच नाही. त्यापेक्षा सुट्या सोंगट्यांची एक पिशवी विकत घेऊन ठेवावी.

आता पुस्तकं. हजारो कादंबऱ्या असूनही विद्यापीठ ग्रंथालयात सहज वाचायला पुस्तक सापडत नाही, याचं कारण वर्गीकरणात आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पद्धतीत कादंबरी लेखकाच्या भाषेनुसार आणि देशानुसार विखुरते. ड्यूईच्या दशांश पद्धतीत ती ८०० च्या, म्हणजे साहित्याच्या, वर्गात समीक्षाग्रंथांच्या शेजारी जाते. संशोधकाला ही मांडणी सोयीची, पण दमून आलेल्या विद्यार्थ्याला वर्गांक शोधत तिसरा मजला चढायचा नसतो. उपाय सोपा आहे. बाहेर पडायच्या दाराजवळ दोन-तीनशे पुस्तकांचं एक रॅक ठेवावं, शक्य तितकी मुखपृष्ठं समोर असावीत, मागे वर्गांकाऐवजी फक्त रंगीत पट्टी असावी. वर्षभरात एकदाही न गेलेलं पुस्तक तिथून काढून मूळ जागी पाठवावं. परतीची मुदत सत्राच्या शेवटापर्यंत असली तर उत्तम. चौदा दिवसांची मुदत आणि पुढे दंड असला की करमणुकीचं पुस्तकही एक गृहपाठ होऊन बसतं.

'सहा मिनिटं वाचलं की ताण ६८ टक्के कमी होतो' हे वाक्य अनेक ग्रंथालयांच्या फलकांवर दिसतं. ते २००९ मधल्या एका छोट्या चाचणीवरून आलं आणि ती चाचणी तज्ज्ञांनी तपासलेल्या नियतकालिकात छापून आलेली नाही. फलकावरून ते काढलेलं बरं. वाचनाने मन रमतं हे सांगायला टक्केवारी लागत नाही. झोपेबाबतची माहिती जास्त भक्कम आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी १२ जणांना पाच रात्री झोपण्यापूर्वी चार तास प्रकाशमान पडद्यावर आणि पाच रात्री कागदी पुस्तकातून वाचायला लावलं. पडद्याच्या रात्री झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक दबलं आणि झोप लागायला सरासरी सुमारे दहा मिनिटं जास्त लागली. प्रयोग लहान आणि परिस्थिती टोकाची, तरी रात्री अंथरुणात वाचायला कागदी प्रत द्यावी एवढं म्हणायला तो पुरेसा आहे.

चिंता किंवा उदासी यांवर स्वतःच वाचून वापरायच्या पुस्तकांची परंपरा वेगळी. वेल्समधल्या कार्डिफ इथे नील फ्रूड या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये अशा पुस्तकांची 'चिठ्ठी' लिहून द्यायची योजना सुरू केली. इंग्लंडमध्ये २०१३ पासून सार्वजनिक ग्रंथालयांतून तशी योजना चालते. बोधात्मक वर्तन उपचारपद्धतीवर, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीवर, आधारलेली पुस्तकं सौम्य ते मध्यम त्रासात उपयोगी पडतात, आणि मधूनमधून कुणी विचारपूस करणारं असेल तर अधिक. ही पुस्तकं 'मानसिक आरोग्य' अशा मोठ्या पाटीखाली देवघेव काउंटरच्या समोर मांडली की कुणी तिथे थांबत नाही. ती नेहमीच्या रॅकवरच विखुरलेली असावीत, स्वयंदेवघेव यंत्रावरून नेता यावीत आणि परत आल्यावर कुणी काय नेलं ही नोंद संगणकातून पुसली जावी. समुपदेशन केंद्राचा फोन नंबर पुस्तकाच्या आतल्या पानावर चिकटवावा. ग्रंथपालाने समुपदेशक होऊ नये; कुणाकडे पाठवायचं आणि किती लवकर, एवढं मात्र त्याला नेमकं ठाऊक हवं.

उपकरणांत सर्वांत चुकीचा वापर होतो तो प्रकाशदिव्याचा. हिवाळ्यात दिवस फार लहान होणाऱ्या प्रदेशांतली ग्रंथालयं उन्हाची उणीव भरून काढायला हे प्रखर दिवे वापरायला देतात. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशींत मेलानोप्सिन हे रंगद्रव्य असतं. सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळसर प्रकाशाला त्या पेशी सर्वाधिक प्रतिसाद देतात आणि शरीराच्या घड्याळाला सकाळ झाल्याचं कळवतात. वाचनाच्या टेबलावर ५०० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश वाचायला पुरतो, पण ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स असतात, म्हणून हे दिवे १०,००० लक्सचे. हा आकडा उत्पादकाने सांगितलेल्या अंतरालाच खरा असतो, बहुधा ३० ते ६० सेंटिमीटरला. अंतर दुप्पट केलं की प्रकाश जवळपास चौथाईवर येतो, आणि 'तीन फुटांवर ठेवून बसलो, काही फरक नाही' ही तक्रार बहुतेकदा इथूनच येते. सकाळी वीस ते तीस मिनिटं दिव्यासमोर बसावं. दिव्याकडे टक लावायची नाही, तो थोडा बाजूला ठेवून वाचत राहायचं. रात्री अकराला जागं राहण्यासाठी तोच दिवा लावला तर शरीराचं घड्याळ मागे पडतं आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आणखी जड जाते. म्हणून दिव्याचा टायमर दुपारनंतर बंद राहील असा लावावा. दृष्टिपटलाचे विकार, द्विध्रुवी (बायपोलर) विकार किंवा प्रकाशाला संवेदनशील करणारी औषधं असतील त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, ही सूचना दिव्यावरच चिकटवलेली बरी.

डुलकीच्या खुर्च्यांनाही वेळेचंच बंधन हवं. वीस मिनिटांत उठलं तर माणूस सहसा उथळ झोपेतून उठतो. चाळीस-पन्नास मिनिटांनी गाढ झोपेतून उठवलं तर अर्धा तास डोकं जड राहतं आणि विद्यार्थी म्हणतो की डुलकी वाईट. खुर्चीला कंप देणारा गजर, मागे कलणारी पाठ आणि धुता येणारं आवरण एवढं पुरे. बंदिस्त खोली नको: सुरक्षिततेचा प्रश्न येतो आणि तिथे लोक रात्र काढतात. चोवीस तास उघडं ग्रंथालय ही विद्यार्थ्यांच्या भल्याची सोय म्हणून मिरवली जाते, ते पटत नाही. दिवसा वाचलेलं झोपेत पक्कं होतं, आणि पहाटे तीनला दिवे लावून ठेवणारी इमारत त्याच झोपेवर डल्ला मारते.

आवाज आणि हवा यांवर खर्च होतो, पण त्यांचा उद्घाटनसोहळा होत नाही. लक्षात ठेवण्याच्या कामाला मोठ्या आवाजापेक्षा कानावर पडणारं बोलणं जास्त अडथळा करतं, हे १९७० च्या दशकापासूनच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणून शांतता कक्षातली कुजबूज पंख्याच्या एकसुरी घरघरीपेक्षा जास्त त्रास देते. 'शांतता राखा' या पाटीने हा त्रास थांबत नाही, बोलायच्या आणि न बोलायच्या जागांमध्ये दार लागतं. हवेचं म्हणाल तर बाहेर कार्बन डायऑक्साइड सुमारे ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो आणि उच्छ्वासात सुमारे ४०,०००. भरलेल्या वाचनकक्षात आकडा १,००० च्या वर रेंगाळला तर ताजी हवा कमी पडते आहे असं समजावं. तो मोजणारं यंत्र बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर, पण कुणाच्या तोंडासमोर किंवा खिडकीत नाही, असं ठेवावं.

आणि कुत्रे? येल विद्यापीठाच्या विधि ग्रंथालयाने २०११ मध्ये माँटी नावाचा कुत्रा तीस मिनिटांसाठी 'इश्यू' करायला सुरुवात केली आणि ती बातमी जगभर गेली. २०१९ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या अभ्यासात २४९ विद्यार्थ्यांचे चार गट केले गेले. दहा मिनिटं कुत्र्या-मांजरांना कुरवाळणाऱ्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक, नुसतं पाहणाऱ्यांपेक्षा, चित्रं पाहणाऱ्यांपेक्षा आणि वाट पाहत बसलेल्यांपेक्षा कमी आढळलं. आयोजनात इथेच गफलत होते. दोन कुत्रे आणि दीडशेची रांग असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला मिनिटभर कुरवाळणं आणि तासभर ताटकळणं येतं, म्हणजे बहुतेक जण अभ्यासातल्या शेवटच्या गटात जातात. त्यापेक्षा दहा-दहा मिनिटांच्या वेळा ठरवून एका कुत्र्यामागे चार-पाच जणच घ्यावेत, प्राण्याला मधे विश्रांती द्यावी, हात धुवायची सोय शेजारीच असावी आणि खोली अशी निवडावी की ॲलर्जी असलेल्यांच्या नेहमीच्या वाटेत ती येणार नाही.