ज्योत आणणे (सोलापूर)

ज्योत आणणे : देवस्थानातून किंवा गडावरून पेटवून घेतलेली मशाल पाळीपाळीने धावत आपल्या गावात, आपल्या मंडळात आणण्याची प्रथा. महाराष्ट्रात ती सर्वत्र आहे. सोलापुरात मात्र नुसते ‘ज्योत’ म्हटले की तुळजापूरचा रस्ताच डोळ्यांपुढे येतो. घटस्थापनेच्या आदल्या रात्री शहरातली आणि आसपासच्या गावांतली नवरात्र मंडळांची पोरे टेम्पोने तुळजापूर गाठतात, तुळजाभवानीच्या दारी मशाल पेटवतात आणि सुमारे ४५ किलोमीटर पळत परत येतात. शिवजयंतीला (१९ फेब्रुवारी, तिथीने फाल्गुन वद्य तृतीया) हीच पोरे शिवज्योतीसाठी शिवनेरी, रायगड, प्रतापगड अशा गडांवर जातात. डॉ. आंबेडकरांच्या जयंतीची भीमज्योत आणि बसवेश्वरांच्या जयंतीची बसवज्योत हे याच प्रथेचे भाऊबंद.

देवीच्या उपासनेत हातातली आग जुनीच आहे. गोंधळ्याची दिवटी, तिला तेल पाजणारी बुधली, भक्तांनी नाचवायचा पोत म्हणजे पेटता पलिता, हे सगळे तुळजापूरच्या परंपरेतले आहे. पाळीपाळीने पळण्याची रीत मात्र खेळाच्या मैदानावरच्या रिलेसारखी वाटते. ऑलिंपिकची मशाल धावत नेण्याचा प्रघात १९३६ च्या बर्लिन स्पर्धेपासूनचा. मंडळाच्या पोरांना त्याच्याशी काही घेणेदेणे नसते. त्यांच्या लेखी ही देवीची चाकरी असते आणि थोडीफार शेजारच्या मंडळाशी लावलेली शर्यतही.

हिशेब सोपा आहे. ४५ किलोमीटर आणि १५ पोरे, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला तीन किलोमीटर. ताशी सहा-सात किलोमीटरचा वेग धरला तर सात तासांच्या आसपास गाव येते. शिवनेरीची गोष्ट वेगळी. जुन्नर ते सोलापूर अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या घरात जाते. वीस जण असले तरी एकेकाला सतरा-अठरा किलोमीटर पडतात आणि याच वेगाने सलग पळत राहिले तरी दोन दिवस, दोन रात्रींहून जास्त वेळ जातो. प्रत्यक्षात वाटणी कधीच सारखी होत नाही. एखादा गडी ऊर फुटेस्तोवर दहा किलोमीटर मारतो, तर एखादा तुळजापूरपासून सोलापूरपर्यंत टेम्पोतला स्पीकर सांभाळत बसतो आणि मिरवणुकीत सर्वांत पुढे असतो. असा एक जण प्रत्येक मंडळात असतोच.

तुळजापूर बालाघाटाच्या डोंगरात आहे आणि सोलापूर त्याच्या खाली, उंचीत जवळजवळ दोनशे मीटरचा फरक. म्हणजे ज्योत उतारावरून येते. ऐकायला हे सोयीचे वाटते, पण घाटाचा उतार गुडघ्यांवर येतो आणि पुष्कळ जण नवरात्राचे व्रत म्हणून अनवाणी पळतात. घाट संपला की सिंदफळ, माळुंब्रा, तामलवाडी, उळे अशी गावे मागे पडत जातात. पूर्वी २११ क्रमांकाचा आणि आता ५२ क्रमांकाचा हा राष्ट्रीय महामार्ग सोलापूर–धुळे रस्ता म्हणूनच लोकांना माहीत आहे. बाजूच्या काळ्या रानात रब्बीच्या ज्वारीची तयारी चाललेली असते. रात्री यातले काही दिसत नाही. दिसतात त्या पुढच्या मंडळाच्या मशाली आणि समोरून येणाऱ्या मालट्रकचे दिवे.

मशाल म्हणजे लोखंडी किंवा पितळी नळी आणि तिच्या टोकाला वाटी. वाटीत तारेने घट्ट आवळलेल्या सुती चिंध्यांचा गोळा असतो. चिंधी सुतीच लागते. टेरिकॉट वितळते आणि थेंबाथेंबाने पेटत खाली गळते. वाटीखाली पत्र्याची चकती बसवतात, तरी उकळते तेल मनगटावर यायचे ते येतेच, म्हणून हाताला ओला पंचा गुंडाळलेला असतो. वारा समोरून असला की ज्योत मागे वळून तोंडावर येते. अशा वेळी जाणता गडी मशाल सरळ न धरता बाजूला, किंचित कलती धरतो. नवखा पोरगा पहिल्याच टप्प्यात भुवया होरपळून घेतो. बदलीची जागा ठरलेली नसते. दम संपला की पळणारा हात वर करतो, टेम्पोतून एक जण उडी मारतो, दोघे चार पावले बरोबर पळतात आणि ‘धर बे, सोडू नको’ एवढ्यावर मशाल हातातून हातात जाते. ज्योत थांबवायची नाही आणि जमिनीला टेकवायची नाही, हे दोन नियम सगळेच पाळतात.

तिसरा नियम विझू न देण्याचा. तो पाळणे कठीण, कारण सोलापूरकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो आणि नवरात्र नेमके परतीच्या पावसात सापडते. म्हणून मूळ ज्योतीवरून पेटवलेला एक कंदील टेम्पोत राखीव ठेवतात. मशाल विझली की त्या कंदिलावरून पुन्हा पेटवतात आणि त्याची वाच्यता कोणी करत नाही. हा कंदील सांभाळणारा गडी रात्रभर पळत नाही आणि झोपतही नाही. माझ्या मते सर्वांत अवघड काम त्याचेच, पण फोटोत तो कुठेच नसतो.

बाकीचा संसार टेम्पोत असतो. बहुधा ‘छोटा हत्ती’. तो मंडळातल्याच कोणाचा तरी असतो आणि डिझेल वर्गणीतून निघते. पाण्याचे जार, तेलाचा कॅन, चिंध्यांचे पोते, हलगी आणि पाठीमागे देवीचा फलक. टी-शर्टच्या पाठीवर ‘सौजन्य’ म्हणून ज्याचे नाव असते त्याचा फोटो कधीकधी देवीपेक्षा मोठा निघतो. पळून आलेला जागा मिळेल तिथे सोलापुरी चादर ओढून आडवा होतो. स्पीकर कानाशी असला तरी त्याला पाच मिनिटांत झोप लागते. उपवासामुळे केळी, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू चालतात. शिवज्योतीच्या लांबच्या पल्ल्याला मात्र कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून नेतात, कारण ती दोन-चार दिवस टिकते. पायाला आलेला फोड सुईने फोडून त्यात दोरा ठेवायचा उपाय अजून चालतो. डॉक्टर त्याला नको म्हणतात, आणि ते बरोबर आहे.

हल्ली ज्योतीच्या फलकावर रक्तदान, व्यसनमुक्ती असे विषय येऊ लागले आहेत, मुलींच्या तुकड्याही पळताना दिसतात. तरीही निधीसाठीची दौड आणि ज्योत यांत एक फरक उरतो. २००४ पासून होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनसारख्या दौडीत धावणारा दुसऱ्यासाठी देणग्या गोळा करतो. तुळजापूरच्या रस्त्यावर देणारा कडेला उभा असतो आणि घेणारा पळत असतो. पहाटे तीनला कोणी चहाचे पातेले घेऊन उभा, कोणी साबुदाण्याची खिचडी वाटतो, कोणी नुसते पाणी. मराठी, कन्नड, तेलुगू अशा तिन्ही भाषांत आग्रह चालतो. कोजागरीला तर याचे प्रमाण फारच वाढते. दसऱ्यानंतर श्रमनिद्रेत गेलेली देवी पौर्णिमेला पुन्हा सिंहासनावर येते, त्या वेळी सोलापूर आणि कर्नाटकातून भाविकांचे लोंढे चालत तुळजापूरला निघतात. तेव्हा रस्त्याच्या कडेला पाय चेपून देणारे आणि मलम लावणारेही मांडव टाकून बसतात. चालणाऱ्याचे पाय धरणे हीसुद्धा सेवाच, असा हा हिशेब आहे. पावती मात्र कोणी फाडत नाही.

कोजागरीला वाहने दुसऱ्या मार्गाने वळवून रस्ता चालणाऱ्यांना मोकळा करून देतात. ज्योतीच्या पोरांना दर वेळी ही सोय मिळत नाही. अंधार, झोप, भरधाव वाहने आणि कानठळ्या बसवणारा स्पीकर यांच्या मेळात राज्यभर ज्योत आणणाऱ्यांचे जीव गेले आहेत. चमकणारी पट्टी असलेले जाकीट, मागे टेम्पोचे लुकलुकते दिवे, डाव्या कडेने एकेरी ओळ आणि झोप न झालेल्याच्या हाती स्टिअरिंग न देणे, एवढे पाळले तरी बरेच निभावते. अनुभवी मंडळे एका ड्रायव्हरला आदल्या दुपारीच झोपवून ठेवतात. मोटारसायकलवर तिघे बसून झेंडा फडकवत पुढे जाणाऱ्यांना कोण सांगणार, हा प्रश्न दर वर्षी उरतोच.

उजाडता उजाडता पहिल्या ज्योती तुळजापूर नाक्यावर येतात. काही मंडळे आधी रूपाभवानीच्या देवळासमोर थांबून ‘आई राजा उदो उदो’ची आरोळी देतात आणि मग आपापल्या पेठेत शिरतात. गल्लीच्या तोंडाशी बायका कळशी घेऊन उभ्या असतात. शेवटच्या टप्प्यात मशाल कोणाच्या हाती द्यायची यावर रुसवेफुगवे झालेले असतात. पाणी मात्र सगळ्यांच्याच पायांवर घालतात, काजळीने काळ्या झालेल्या कपाळांवर कुंकू लावतात. मशालीवरून घटाशेजारचा नंदादीप पेटतो. तो नऊ दिवस तेवत ठेवायचा असल्याने त्याच रात्रीपासून जागरणाच्या पाळ्या लागतात. नळी राखेने घासून, जळक्या चिंध्या काढून, मंडळाच्या खोलीत हलगीशेजारी टांगली जाते. फेब्रुवारीत गडावर नेताना तिच्यात नवी चिंधी भरतात.